खपलीखाली

आपल्या शाळेच्या मैदानावरचा मुरूम माझ्या डाव्या गुडघ्यात अजून आहे. सातवीत खो-खो खेळताना खांबाजवळ सूर मारला आणि गुडघा चांगलाच सोलवटला. बाईंनी नळाखाली पाय धुतला, वर हळद दाबली आणि म्हणाल्या, "उघडंच ठेव. वारा लागला की खपली धरेल." दोन बारीक खडे आत राहिले ते राहिलेच, कातडीखाली निळसर ठिपके दिसतात.

आठवड्याने मी तासाला खपली उचकटत बसलो होतो. विज्ञानाच्या सरांनी पाहिलं. ओरडले नाहीत. "अरे, खाली काम चाललंय. करू दे त्यांना." मधल्या सुट्टीत त्यांनी कुलूपबंद कपाटातून शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक काढला, माझ्याच गालाच्या आतून काडीने खरवडलेलं काचपट्टीवर घेतलं आणि मिथिलिन ब्लूचा थेंब टाकला. फरशीच्या तुकड्यांसारखं काहीतरी दिसलं, प्रत्येकात एक गडद ठिपका. सर म्हणाले, "हा तू."

१९८६ ला दहावी झालो, पुण्याला गेलो, आणि तेव्हापासून त्या खपलीखालचं कामच बघत आलो आहे.

आमचा रोजचा प्रयोग तुम्हाला सांगतो. प्लास्टिकच्या बशीत, गुलाबी द्रवात त्वचेच्या पेशी वाढवायच्या. पेटीत तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. बशीचा तळ पेशींनी गच्च भरला की पिपेटच्या पिवळ्या टोकाने मधोमध एक रेघ ओढायची. हीच आमची जखम. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहायचं. काठावरच्या पेशी चपट्या होतात, मोकळ्या जागेकडे पंख्यासारखा पातळ पदर पसरतात, तळाला धरतात आणि मागचं अंग ओढून घेतात. शेजार सुटला हे त्यांना कळतं, आणि त्या निघतात. दुसऱ्या दिवशी फट बहुधा बुजत आलेली असते. हे मी हजारदा पाहिलं असेल. अजूनही रात्री घरी निघताना एकदा डोकावल्याशिवाय पाय निघत नाही.

बाईंची आठवण दोनदा फार तीव्रतेने आली. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ ला ते रद्द करून घेतलं. त्या दिवशी मला आपला नळ दिसला. दुसरी वेळ म्हणजे जॉर्ज विंटर यांचा १९६२ चा निबंध वाचला तेव्हा. डुकरांच्या जखमा पातळ प्लास्टिकने झाकून ओलसर ठेवल्या, तर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने धरते, हे त्यांनी दाखवलं होतं. खपली वाळली की पेशींना त्या कोरड्या थराखालून वाट काढावी लागते. म्हणजे वारा लावण्याचं चुकलंच होतं. पण जखम आधी धुवायची, हे मला बाईंनीच शिकवलं.

आणि शिपाईमामा. घंटा देणारे, जन्मभर अनवाणी. त्यांना साखरेचा आजार होता. पाय बधिर झालेले, काचेचा तुकडा रुतला तो कळलाच नाही. मी सुट्टीत भेटलो तेव्हा अंगठ्याखालची जखम सात महिन्यांची होती, काठ जाड, निबर. पुढे पाऊल कापावं लागलं. माझ्या बशीतली रेघ दिवसात बुजते आणि मामांची जखम सात महिने का नाही? या प्रश्नावर माझी वीस वर्षं गेली. अशा जखमेत सूज ओसरतच नाही. सफाईला आलेल्या पांढऱ्या पेशी तळ ठोकून बसतात, त्यांचे विकर (एन्झाइम) नव्याने विणलेली जाळीच कुरतडतात. काठावरच्या पेशी वाढतात, पण चालत नाहीत. घरात कुणाला मधुमेह असेल, तर रोज संध्याकाळी त्यांचे तळवे स्वतः बघा. बोटांच्या बेचक्यासुद्धा.

सुवर्णमहोत्सवाला येताना शाळेसाठी दोन सूक्ष्मदर्शक आणतो आहे, सोबत रेघ ओढल्याबरोबरचा आणि चोवीस तासांनंतरचा असे दोन फोटो. पाचवीपासूनच्या प्रत्येक मुलाने त्यांतून आपल्या गालाच्या पेशी पाहाव्यात. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, कपाटाला कुलूप लावू नका.