भिवपुरीहून माथेरान: गार्बेटची वाट, आणि बदलापूरकरांच्या हाताशी असलेल्या आणखी काही

शनिवार-रविवारी डोंगरात जायचं म्हटलं की दादर-ठाण्याची मंडळी पहाटेची पहिली लोकल पकडतात. आपण बदलापूरकर मात्र निवांत चहा घेऊन निघालो तरी चालतं. कर्जतकडे जाणारी सकाळची गाडी बदलापूरला निम्मी रिकामी होते, बसायला जागा मिळते. उजवीकडची खिडकी धरा. चंदेरीचा सुळका, नेढं (कातळातलं आरपार भोक) असलेला नाखिंड, पेब आणि मागे माथेरानचं लांबलचक पठार असा अख्खा कार्यक्रम वांगणी-शेलू-नेरळ करत डोळ्यांसमोरून जातो. यातल्या बहुतेक डोंगरांना गाडी न काढता जाता येतं, आणि माझ्या मते आपल्या भागाची खरी श्रीमंती हीच आहे.

गेल्या सप्टेंबरात गार्बेटच्या वाटेने माथेरान केलं. सोबत इमारतीतले साठी ओलांडलेले एक काका होते. रोज चालायची सवय, पण डोंगर बऱ्याच वर्षांनी. ते आरामात चढले, म्हणून ही वाट नवख्यांना बिनधास्त सुचवतो. चढ मात्र कमी समजू नका. भिवपुरी रोड स्टेशन जवळपास समुद्रसपाटीच्या उंचीचं आणि माथेरान साधारण ८०० मीटरवर, तेव्हा सातशेएक मीटर पायाखाली घालायचेच आहेत.

स्टेशनात माथेरानच्या बाजूला उतरायचं. चहा-वडापाव इथेच उरकून घ्या, पुढे हॉटेल नाही. डिकसळवरून पाळी-भूतिवली धरणाकडे रस्ता जातो. धरण आलं की समोर डोंगराची सोंड स्पष्ट दिसते. सप्टेंबरात भातं पोटरीला आलेली असतात. बांधावरून जायची वेळ आली तर एकामागोमाग चाला, पिकात पाय घालू नका.

धरणानंतर चढ सुरू होतो आणि पहिल्या टप्प्यातच घाम निघतो, कारण इथे सावली कमी. घोटाळा होण्याची जागाही हीच. वर जाणारी मळलेली वाट आणि गुरांच्या वाटा एकमेकींत अशा मिसळल्यात की रुंद दिसेल ती खरी असं धरून चालत नाही. आम्ही एका फाट्यावर घुटमळत होतो, तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक मावशी खाली येताना दिसली. काकांनी विचारलं, “मावशी, सागाच्या वाडीला डावीकडून ना?” ती न थांबताच म्हणाली, “ढोरांची वाट हाय ती, वर नाय जात. धारेनं जावा.” तेवढं एक वाक्य पुरलं. आडवं जात झाडीत शिरायचं नाही, धार म्हणजे सोंडेचा माथा सोडायचा नाही. मोबाइलवर नकाशा उतरवून ठेवलात तर उत्तमच, पण भेटेल त्या माणसाला विचारायची लाज बाळगू नका.

चढ संपला की एकदम मोकळं पठार लागतं. हेच गार्बेटचं पठार, आणि सागाची वाडी ही ठाकरांची वस्ती इथलीच. सप्टेंबरात तेरडा आणि सोनकी एवढी फुलते की काका चालायचंच विसरले. मागे वळून पाहिलं की धरणाचं पाणी आणि कर्जतकडे जाणारी रेल्वेलाइन दिसते. वाडीत विचारलं तर प्यायला पाणी मिळतं, पण उन्हाळ्यात त्यांचेच हाल असतात, तेव्हा आपलं पाणी आपणच न्यावं. माणशी तीन लिटर जास्त वाटेल, पण परतताना बाटलीत फार उरत नाही.

पठारावरून गार्बेट पॉइंटचा शेवटचा चढ दाट झाडीतून आहे. सावली, ओली पानं, दगडांवर शेवाळ. शीळकरी कस्तुराची शीळ ऐकायची असेल तर इथे गप्पा जरा बंद ठेवा. दोराची गरज कुठेच नाही, पण गुळगुळीत तळव्याचे बूट घालून आलात तर पाऊस नसतानाही घसराल. सावकाश चालत, फोटो काढत साडेतीन-चार तासांत वर पोचता येतं.

वर आलात की लाल मातीचा रस्ता लागतो. इथून बाजारात जाऊन जेवा किंवा सरळ दस्तुरी नाक्याकडे वळा. माथेरानला प्रवेशकर आहे, सुटे पैसे जवळ ठेवा. माकडांपासून मात्र सांभाळा, प्लास्टिकची पिशवी दिसली की ती त्यांचीच. दस्तुरीहून नेरळ स्टेशनला शेअर टॅक्सी मिळतात, रविवारी संध्याकाळी त्यांना रांग असते. १९०७ साली सुरू झालेली मिनी ट्रेन नेरळपासून पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे तिच्या भरवशावर परतीचा बेत आखू नका. आणि त्याच वाटेने परत उतरू नका. उतार गुडघ्यांवर येतो आणि अंधार पडायला लागला की त्या गुरांच्या वाटा फसवतात.

आता बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नेरळला उतरून पेब म्हणजे विकटगड करता येतो. वर गुहा, दत्ताच्या पादुका, आणि पलीकडे शिडीने उतरून कड्यावरच्या गणपतीपाशी मिनी ट्रेनचा रूळ गाठता येतो. गार्बेट झाल्यावर दुसरा हाच करावा. सोंडाईचा किल्ला लहान मुलांना घेऊन जायला चांगला: कर्जतहून रिक्षाने सोंडेवाडी, चढ छोटा, वरती शिड्या आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी. माथ्यावर देवी आहे, चपला-बूट खाली काढून ठेवा.

कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला, थोडा लांब, पण मला सगळ्यांत आवडतो तो. कर्जतहून आंबिवली, तिथून पेठ गाव, आणि वर सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना. खालच्या गुहेतले नक्षीदार खांब बॅटरीच्या उजेडात बघा. कर्जत डेपोतून जांबरुखची एसटी आंबिवलीवरून जाते, पण फेऱ्या मोजक्याच. परतीची वेळ सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवायची.

चंदेरी आपल्या घरातून दिसतो म्हणून सोपा वाटतो, तसा तो नाही. घसारा (पायाखालून सुटणारी माती-दगड) फार, गुहेपर्यंतचा शेवटचा टप्पा दृष्टिभय असलेल्यांसाठी नाही, आणि त्यावरचा सुळका तर दोर आणि जाणकार सोबत असल्याशिवाय करूच नये. पावसात तिकडे अजिबात फिरकू नका.

पावसाचं म्हणाल तर जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा मी या बाजूला जातच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तो डोंगर इथून लांब नाही. शिवाय धबधबे आणि धरणांवर तेव्हा बहुधा प्रशासनाचा मनाई आदेश असतो आणि पोलीस भिवपुरी-नेरळ स्टेशनांबाहेरूनही परत पाठवतात. सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते जानेवारी हा काळ उत्तम. फेब्रुवारीनंतर गार्बेटला सकाळी नऊच्या आत पठारावर पोचणार असाल तरच जा.

कर्जत बाजूच्या गाड्या कमी, एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ बसावं लागतं. म्हणून सकाळी बदलापूरलाच परतीचं तिकीट काढून घ्या, संध्याकाळी नेरळच्या खिडकीवर रांग लावण्यात गाडी जाते.