नक्कल विभागाची खिडकी आणि माझ्या तासांचा हिशेब

जिल्हा कोर्टात दिवाणी कामं करणाऱ्या वकिलाला 'तुमचा तासाचा दर काय?' असं विचारून बघा. हसतील. आमच्याकडे फी ठरते दाव्यावर. वाटपाच्या दाव्याला एवढी, नुसत्या मनाईच्या दाव्याला एवढी, दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी, चालवायची तर वेगळी. त्यातली निम्मी वकीलपत्रावर सही होताना हातात पडते आणि उरलेली 'मॅडम, उसाचं बिल जमा झालं की देतो' या बोलीवर राहते. उसाचं बिल जमा होतं, सोसायटी आपला हप्ता वळता करून घेते आणि मॅडम पुढच्या गळिताची वाट बघतात.

गेली काही वर्षं मी प्रत्येक कामामागे गेलेला वेळ लिहून ठेवते आणि मार्चअखेर कुठल्या कामात काय सुटलं ते काढते. बार रूममध्ये याची भरपूर चेष्टा झाली. शिस्तीची आवड म्हणून वगैरे हे सुरू झालेलं नाही, रागातून झालं. राग नक्कल विभागावरचा, म्हणजे निकालाच्या प्रमाणित प्रती देणाऱ्या खात्यावरचा. कोर्ट कुठलं ते लिहीत नाही, उद्या परत तिथंच जायचं आहे.

मोजायची कल्पना मात्र भाचीची. ती मुंबईत फोर्टमधल्या एका मोठ्या फर्ममध्ये आहे. तिथं सहा मिनिटांचा एक तुकडा, तासाचे दहा. फोनवर अशिलाशी बोललं तरी तुकडा, मेल वाचली तरी तुकडा. वकिलीत ही टाइमशीट आणण्याचं श्रेय अमेरिकेतल्या बोस्टनच्या रेजिनाल्ड हेबर स्मिथला देतात. १९१९ मध्ये तो हेल अँड डॉर या फर्ममध्ये आला, त्याआधी गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था चालवायचा. गरिबांच्या वकिलानं श्रीमंतांच्या बिलाची पद्धत बसवली, हे मला फार आवडलं.

भाचीनं एक अॅपही फोनमध्ये घालून दिलं. काम सुरू झालं की बटण दाबा, संपलं की बंद करा. आमच्याकडे ते चालणं शक्यच नव्हतं. मी तीन नंबर कोर्टात निशाणी ५ च्या (तात्पुरत्या मनाईच्या अर्जाच्या) युक्तिवादासाठी बसलेली, पाच नंबरला एक पुरसीस (लेखी निवेदन) द्यायची, ज्युनिअर दारातून खुणावतोय की सात नंबरला आपला साक्षीदार उलटतपासाला उभा राहतोय. मग न्यायाधीश साहेब बोर्ड, म्हणजे दिवसाच्या कामांची यादी, सोडून उठतात, कारण सत्र खटला लागलाय. यातला कुठला तास कुठल्या पक्षकाराचा?

यावर मी काढलेला तोडगा साधा आहे. कोर्टात ताटकळण्यात गेलेला वेळ त्या दिवशी माझ्या बोर्डावर असलेल्या सगळ्या कामांत सारखा वाटून टाकायचा. अगदी काटेकोर नाही, पण वर्षाच्या हिशेबाला पुरतं. बाकीचं आपल्या नेहमीच्या कोर्ट डायरीतच. केसच्या नावापुढे पेन्सिलीनं 'म' म्हणजे मसुदा, 'यु' म्हणजे उभं राहून बोलले ते, 'भे' म्हणजे पक्षकाराची भेट, 'था' म्हणजे थांबले. वेळ पाव तासात. शनिवारी ज्युनिअर ते शीटमध्ये चढवतो. केस ओळखायला तिथं पक्षकाराचं नाव न घालता अक्षरं-आकडे मिळून सोळा खुणांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा असा ई-कोर्ट्सचा नंबर) घालायचा, कारण आमच्या भागात एकाच भावकीचे चार दावे असतात आणि चारही दाव्यांत नावं तीच.

त्यात एक अक्षर नंतर वाढवावं लागलं, 'न'. नक्कल.

झालं असं की वहिवाटीच्या रस्त्याचा आमचा दावा नामंजूर झाला. पक्षकार म्हातारे, शेताला जायची वाटच बंद. अपील करायचं ठरलं. दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाला मुदत ३० दिवस. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ खाली त्यातून वजा होतो. पण नव्या वकिलांनी हे कलम खालच्या स्पष्टीकरणासकट वाचावं. अर्ज करायच्या आधी कोर्टानं हुकूमनामा (डिक्री) तयार करण्यात जो वेळ घालवला तो वजा होत नाही. म्हणजे 'डिक्री झाली की नकलेचा अर्ज करू' म्हणून बसलात तर ते दिवस तुमचेच गेले. निकाल ऐकला की त्याच दिवशी अर्ज. निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्ही एकाच अर्जात मागा, कायद्यात अपिलाबरोबर निकालाची प्रत जोडा एवढंच असलं तरी आमच्याकडच्या फायलिंगला हुकूमनामाही लागतोच.

अर्ज त्याच दिवशी दिला होता. काही दिवसांनी काका, म्हणजे आमचे कारकून, खिडकीवर गेले तर उत्तर, "बंडल आलं नाही." बंडल म्हणजे केसच्या कागदांचा गठ्ठा. कुठनं आलं नाही? कोर्टातनं. कोर्टात गेले तर शिरस्तेदार म्हणाले, निकाली बंडल रेकॉर्डला पाठवलं. रेकॉर्ड रूममध्ये गेले तर तिथं आवकच नाही. काका परत आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही या एकदा. कोट बघितला की जरा बोलतात."

गेले. खिडकीला जाळी, जाळीला खाली हात जाईल एवढी फट. आत लांबलचक रजिस्टर, अर्जांची ओळ न ओळ भरलेली, शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा.

"बंडल डिक्रीला असेल, मॅडम."

"डिक्रीला म्हणजे कुणाकडे?"

"ते कोर्टाला विचारा."

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० मध्ये लिहिलंय की हुकूमनामा निकालापासून १५ दिवसांत व्हायला हवा आणि अपिलासाठी निकालाच्या प्रती निकाल दिल्यावर लगेच खर्च घेऊन मिळायला हव्यात. हे मी जाळीतून आत सांगितलं. आतल्या बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.

त्यांचंही खोटं नाही. अख्ख्या इमारतीला नकला काढणारी माणसं मोजकी, मशिन बिघडलेलं, आणि प्रत्येक पानाची मूळ कागदाशी रुजवात घ्यायची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं. हे मला कळतं. पण बंडल कुणाच्या टेबलावर आहे हे सांगायला मशिन लागत नाही.

बंडल शेवटी सापडलं, डिक्री लिहिणाऱ्याच्या कपाटात, रजा संपवून तो परत आला तेव्हा. इथपर्यंत माझी तक्रार नाही, कारण हे दिवस कलम १२ मध्ये वजा होतात. खरी गोम पुढं आहे आणि यासाठीच हे लिहायला बसले.

नकलेच्या शेवटच्या पानामागे जांभळा रबरी शिक्का असतो. अर्ज केल्याची तारीख, तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, खाली नक्कल करणार, रुजवात घेणार. मुदतीतून वजा होतात ते अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस. तयार झाल्यावर ती खिडकीत पडून राहिली तर तो आळस पक्षकाराचा समजतात. बरोबरच आहे. म्हणून तर काका रोज खिडकीवर जात होते आणि रोज 'अजून नाही' ऐकून येत होते. नक्कल हातात आली तेव्हा 'तयार झाल्याची' तारीख निळ्या शाईत आधीच लिहिलेली होती, मागच्या आठवड्यातली. 'दिल्याची' तारीख माझ्यासमोर काळ्या पेनानं लिहिली. मधले दिवस आमच्या नावावर.

मी विचारलं, "मागच्या आठवड्यात तयार होती तर आमच्या माणसाला नाही का म्हणालात?"

"तयार होती, पण सही व्हायची होती."

सही व्हायची असेल तर तयार कशी? यावर उत्तर नाही. मागं रांग. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, उशीर माफीचा अर्ज टाका की, होतो मंजूर." होतोही. पण त्याला प्रतिज्ञापत्र, नोटीस, समोरच्याचं म्हणणं, आणि तो निकाली निघेपर्यंत अपील धड दाखल नाही की नामंजूर नाही. तो सगळा वेळ पुन्हा माझ्या डायरीत 'था' म्हणून पडणार आणि खर्च शेताला वाट नसलेल्या माणसाच्या खिशातून जाणार.

अपील मुदतीत बसलं. श्रेय माझं, हे सांगायला मला लाज नाही. निकाल ई-कोर्ट्सच्या साइटवर चढला त्या दिवशीच तिथली पीडीएफ काढून मी अपिलाचा मेमो लिहून ठेवला होता. ती प्रत प्रमाणित नसते, दाखल करायला चालत नाही, पण मसुद्याला उत्तम. स्थगितीचा अर्ज, वकीलपत्र, कोर्ट फी सगळं तयार. शिक्क्यातली वाईटातली वाईट तारीख धरून दिवस मोजले आणि नक्कल आली त्याच्या दुसऱ्या दिवशी अपील आत. त्यानंतर अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज दिला. त्यात काकांनी कोणत्या तारखांना चौकशी केली ते लिहिलं आणि आवक शिक्का मारून प्रत घेतली. फरक पडला का? आमच्यापुरता पडला. आता काकांना बघितलं की खिडकीतून रजिस्टर उघडतं.

तुम्हीही हेच करा. फेरी मारली की तारीख लिहा, नक्कल अर्जाच्या नंबराचा फोटो काढून ठेवा, आणि नक्कल हातात घेताना आधी मागचं पान उलटून तारखा वाचा, मग सही करा. नंतर कोणी ऐकत नाही.

तर, त्या अपिलाचा हिशेब मार्चमध्ये काढला तेव्हा 'न' चा रकाना 'म' च्या रकान्यापेक्षा मोठा निघाला. ज्या कामाची मी फी घेते ते कमी, आणि ज्याचं नावही फीच्या बोलीत नव्हतं ते जास्त. मग सगळ्याच कामांचा ताळा केला.

आमच्यात खर्च लिहायची सवयच नाही, त्याचं एक कारण आयकर. आयकर कायद्यात ४४एडीए हे अंदाजी नफ्याचं कलम आल्यापासून, ठरावीक मर्यादेतल्या वकिलानं एकूण जमेच्या निम्मा नफा दाखवला की हिशेबाच्या वह्या विचारत नाहीत. त्यामुळे आपल्याला निम्मं सुटतंच असं आपणही धरून चालतो. ताशी खर्च काढून बघा. ऑफिसचं भाडं, कारकुनाचा पगार, ज्युनिअरचं मानधन, पुस्तकं, सॉफ्टवेअर, पेट्रोल मिळून महिन्याला ४८,००० धरा. कामाचे खरे तास १२० धरा, थांबलेले धरूनच. म्हणजे तासाला ४०० रुपये नुसता खर्च, त्यात माझं काहीच नाही. वाटपाच्या दाव्याची फी ४०,००० ठरवली आणि त्यात वर्षानुवर्षं मिळून १५० तास गेले, तर ६०,००० घातले आणि ४०,००० मिळवले. तेही सगळे मिळाले तर.

वाटपाचे दावे मोठे दिसतात, बोर्डावर शोभतात, आणि माझ्या शीटमध्ये जवळजवळ सगळे लाल. कारण ते संपतच नाहीत. प्राथमिक हुकूमनामा (कुणाचा हिस्सा किती ते ठरवणारा) झाला की शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, पुढे मोजणी, हरकती, आणि पक्षकाराच्या मते हे सगळं पहिल्या फीत. उलट ज्या कामांना बार रूममध्ये कोणी विचारत नाही ती हिरवी निघाली. बँकेसाठी जमिनीची मालकी तपासायचे सर्च रिपोर्ट, नोटिसा, आणि वारस दाखला. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा हा दाखला, पेशवाई संपून दहा वर्षं झाली नव्हती तेव्हाचा कायदा, आज माझ्या ऑफिसचं भाडं भरतो.

आता फी टप्प्यानं सांगते. दावा दाखल ते निशाणी ५, मुद्दे ते पुरावा, युक्तिवाद ते निकाल. प्राथमिक हुकूमनाम्यानंतरचं वेगळं, आणि नकलेची धावपळ खर्चात, फीत नाही. फी आणि खर्चाची रक्कम खात्यात वेगवेगळी दाखवा आणि खर्चाचे पैसे पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवू नका, असं बार काउन्सिलचे नियम सांगतातच, म्हणून वेगळी वही आहे. निकालावर टक्केवारी ठरवायला बंदी आहे, तेव्हा 'जमीन मिळाली की बघू' वाल्यांना मी चहा पाजून परत पाठवते. फी थकली म्हणून कागद अडवूनही ठेवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात ते स्पष्ट केलंय. राहता राहिला टप्पा. पुढचा टप्पा सुरू होण्याआधी त्याची फी. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली, मग शीट समोर ठेवायला लागले. तारखा बघितल्या की लोक घासाघीस कमी करतात.

प्रवासाचा रकाना मात्र आपोआप आटला. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि आमचा जिल्हा त्याखालच्या सहा जिल्ह्यांत आहे. मुंबईतल्या सीनियरला ब्रीफ द्यायला रात्रीची गाडी पकडायची आणि दुसरी रात्रही गाडीतच काढायची, ते गेलं. सकाळी निघून संध्याकाळी घरी.

एक राहिलं. कंपनी किंवा बँक तुमच्या फीतून १० टक्के टीडीएस कापते. शीटमध्ये जमा कापायच्या आधीची पूर्ण रक्कम घाला, बँकेत आलेली नव्हे. आणि तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा उतारा (२६एएस) दर तिमाहीला बघा. कापलेला टीडीएस तिथं दिसत नसेल तर लगेच त्यांच्या अकाउंट्सला मेल करा. रिटर्न भरायच्या वेळेपर्यंत थांबलात तर तिथंही एक खिडकी आहेच, फक्त तिला जाळी नसते, कस्टमर केअरचं संगीत असतं.