बंपर लोंबतोय आणि मी होल्डवर
सिग्नलला उभ्या गाडीला मागून एकाने ठोकलं त्याला तीन आठवडे झाले, बंपर लोंबतोय, डिकी दोरीने बांधलीये. इन्शुरन्स कंपनीला क्लेमचं विचारायला फोन केला की दरवेळी नवीन माणूस आणि परत 'नेमकं काय झालं सांगा', आता तर मला ते पाठ झालंय. सर्व्हेअर आला, चार फोटो काढून पाच मिनिटांत गेला आणि रिपोर्टमध्ये काय तर म्हणे डिकीचं लॉक आधीपासूनच खराब होतं. अहो, ठोकल्यामुळेच तर लागत नाहीये ना ते! वर डेप्रिसिएशन कापणार, म्हणजे बंपर बसणार नवा, पैसे मिळणार जुन्याचे, बाकीचे माझ्या खिशातून. हप्ता थकला असता तर यांनीच मेसेजचा भडिमार केला असता. काल तोच फॉर्म तिसऱ्यांदा मागितला. पाठवला.