पेंढ्याच्या डॉल्फिनची लांबी किती?

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, "दापोली किनाऱ्यावरचा आमचा गट तयार झालाय." किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिन-देवमाशांची मापं आणि फोटो वहीत नोंदवणारा हा गट. शब्द मागे घेतो.

रविवारी ओहोटीला कर्द्याच्या पुळणीवर सराव ठेवला. खताच्या गोण्या उसवून, जोडून शिवून, पेंढा ठासून एक डॉल्फिन केला होता. शेपूट प्लायवुडची, पाठीवर कुबड आणि त्यावर छोटासा पर, कारण आपल्याकडे किनाऱ्यालगत नेहमी दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन. सात जणांनी एकमेकांचं न बघता टेप लावली. घरी मोजलेली लांबी 210 सेंटीमीटर होती. वहीत आलेले आकडे 198 पासून 236 पर्यंत!

टेप एकच होती, बरं का. तिघांनी ती पाठीच्या उंचवट्यावरून, शिंपी माप घेतो तशी अंगाला चिकटवत नेली. दोघांनी शेपटीच्या पात्याचं टोक धरलं. एकाने खालच्या जबड्यापासून सुरुवात केली. खरं माप वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या दोन पात्यांमधल्या खाचेपर्यंतचं, सरळ रेषेत, अंगाला समांतर. हे मी आधी तीनदा सांगितलं होतं. सांगून काही होत नाही, हेच मला कळायला तीन महिने लागले. आता तोंडापाशी एक काठी वाळूत उभी रोवतो, खाचेच्या रेषेत दुसरी, आणि टेप काठ्यांमध्ये ताणून धरतो. दुसऱ्या फेरीत सगळे 207 ते 213 मध्ये आले. पिल्लू होतं की वाढलेलं, याचा अंदाज पुढे लांबीवरूनच बांधतात, त्यामुळे वीत-दीड वीत इकडेतिकडे चालत नाही.

फोटोंची गाडी अजून रुळावर नाही. सगळ्यांना आधी तोंडाचाच फोटो हवा असतो. आम्ही क्रम ठरवलाय: पूर्ण अंग बाजूने, मग डोकं, पर, शेपूट, दात, पोटाकडची बाजू, शेवटी जखमा आणि जाळ्याचे वळ. प्रत्येकात आकार कळायला मोजपट्टी. नर-मादी ओळखायला पोटाखालची फट बघायची. जननेंद्रियाची फट आणि गुदद्वार यांच्यात चांगलं अंतर असेल तर नर. दोन्ही एकाच लांब फटीत आणि दोन्ही बाजूंना स्तनांच्या बारीक चिरा असतील तर मादी. कुजण्याच्या पाच पायऱ्या, 1 म्हणजे जिवंत आणि 5 म्हणजे हाडं-कातडं, या मात्र सगळ्यांना पाठ झाल्यात.

पायरी 1 असेल तर वही बंदच ठेवायची. 1926 वर वनखात्याला फोन, सावली, अंगावर ओली चादर, डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही, शेपटीला धरून ओढायचं नाही, आणि गर्दी लांब. 2023 च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. त्याला समुद्रात परत सोडण्याची धडपड झाली, तरी ते शेवटी गेलंच. त्याचा विषय निघाला की अजून सगळे गप्प होतात.

या वेळचा खरा शिक्षक आमच्यातला एक तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचा प्रमुख. मी भरतीच्या वेळांचं ॲप उघडून दाखवत होतो. ते हसले. "तिथीची पाऊणपट करा की. अष्टमी? आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती." आणि पुढे म्हणाले, "उधाणात वर चढलेलं धूड भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या) पाण्यात हलत नाही. पण उधाण चढत असताना लागलेलं असेल, तर पुढच्या भरतीला ते तिथे असेलच असं नाही. आधी फोटो काढा, चहा नंतर." वहीत आता तिथीचा रकाना आहे.

मंगळवारी परीक्षाच झाली. आंजर्ल्याकडून फोन आला, "डॉल्फिनचं पिल्लू लागलंय." दोघं गेले, वनरक्षकही आले. सगळे देवमासे आणि डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे वनरक्षक येईपर्यंत हात लावायचा नाही, हे दोघांनी पाळलं. मग हातमोजे, मास्क. फोटो बघताच मी म्हटलं, पाठीवर परच नाही! दात टोकदार नाहीत, फावड्यासारखे चपटे. म्हणजे फिनलेस पॉरपॉइज, डॉल्फिनचा पाठीवर पर नसलेला नातेवाईक. दातांचा फोटो नसता तर ते वहीत डॉल्फिनचं पिल्लू म्हणूनच गेलं असतं. लांबी 131, पायरी 4. पट्टी घरी विसरले म्हणून शेजारी चप्पल ठेवली होती. मी रागावणार होतो, पण पठ्ठ्याने चप्पल मोजून आकडाही लिहिला होता.

नर की मादी, तो रकाना रिकामा. पोटाकडचं कुत्र्यांनी खाल्लं होतं. "काहीतरी लिहू का, दादा?" असं विचारलं त्याने फोनवर. नको म्हटलं. त्याखाली "कुत्र्यांनी खाल्लेलं" एवढंच लिहिलंय.

पुढचा सराव अमावास्येच्या उधाणाला, टॉर्चच्या उजेडात. डॉल्फिन सध्या पडवीत आहे. शेजारच्या बकरीने तोंडाकडचा पेंढा ओढून खाल्लाय, त्यामुळे 210 आता पुन्हा मोजावे लागणार.