भिंतीबाहेरचे धुराडे

छताला भोक पाडायचे नव्हते, म्हणून लाकडावर चालणाऱ्या आमच्या बंद शेगडीचे स्टेनलेस स्टीलचे धुराडे मी भिंतीतून काढून घराबाहेरूनच वर नेले. हा मार्ग सोयीचा असला तरी धुराच्या दृष्टीने तो दुय्यमच, हे माझे मत वापरानंतरही बदललेले नाही. बाहेरच्या हवेपेक्षा उष्ण आणि म्हणून हलका असतो तोवरच धूर वर चढतो; घरातून जाणारे धुराडे घराच्या उबेत राहते, बाहेरचे मात्र थंडी-वाऱ्यात उभे असते. धूर साधारण १२० अंश सेल्सिअसखाली निवला, की त्यातील वाफ आणि डांबरासारखी द्रव्ये नळीच्या आतल्या बाजूला साचू लागतात. या थराला क्रिओसोट म्हणतात. तो पेट घेतो, आणि धुराड्याला लागणारी आग बहुधा त्याचीच असते.

त्यामुळे बाहेरच्या बाजूला एकेरी पत्र्याचा पाइप लावूच नये. दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक भरण असलेले धुराडे महाग पडते, पण काटकसर करायची ही जागा नव्हे. आतील व्यास शेगडीच्या धूर बाहेर सोडणाऱ्या तोंडाइतकाच ठेवावा. रुंद नळीत धूर रेंगाळतो आणि निवतो.

खरी कसोटी भिंतीपाशी लागते. खोलीतील एकेरी पाइप लाकूड किंवा अन्य जळाऊ वस्तूंपासून सामान्यतः ४५ सेंटिमीटर दूर ठेवावा लागतो, आणि असा पाइप जळाऊ भिंतीतून थेट आरपार नेता येत नाही. तिथे उत्पादकाने त्याच धुराड्यासाठी बनवलेला भिंतीचा जोडभाग बसवून त्यातून दुहेरी नळीच न्यावी लागते. या नळीभोवती बहुतेक उत्पादक ५ सेंटिमीटर मोकळी जागा सांगतात. ती रिकामी पाहून त्यात कापूस किंवा रॉकवूल (दगडापासून बनवलेली उष्णतारोधक लोकर) कोंबण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु तिथली हवाच लाकडाला थंड ठेवते, म्हणून ती जागा मोकळीच राहिली पाहिजे. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसले तरी ते एकत्र वापरू नयेत, कारण चाचणी पूर्ण संचाची झालेली असते.

आडवा भाग शक्य तितका आखूड ठेवून त्याला शेगडीकडून बाहेर जाताना दर मीटरला किमान २ सेंटिमीटर चढ द्यावा. बाहेर, आडवी नळी उभ्या धुराड्याला मिळते तिथे, इंग्रजी T अक्षराच्या आकाराचा टी-जोड येतो. त्याखाली सगळे वजन पेलणारा भक्कम ब्रॅकेट आणि राख-काजळी काढण्यासाठी उघडता येणारे झाकण हवे. धुराडे भिंतीला धरून ठेवणारे वरचे पट्टे भिंतीच्या आतल्या लाकडी किंवा पक्क्या आधारालाच आवळावेत, नुसत्या आवरणाला नव्हे.

उंचीसाठी उत्तर अमेरिकेत रूढ असलेला नियम मला पटला: छतातून बाहेर पडते त्या जागेपासून किमान ९० सेंटिमीटर, आणि ३ मीटरच्या आत येणाऱ्या छताच्या कोणत्याही भागापेक्षा ६० सेंटिमीटर वर. आमचे धुराडे छताच्या कडेबाहेरूनच वर जाते, त्यामुळे आमच्यासाठी दुसरी अटच निर्णायक ठरली.

एवढे करूनही गार सकाळी नळीतली थंड हवा खाली दाबते आणि पहिला धूर खोलीत येऊ पाहतो. त्यासाठी मी बारीक काटक्या जळणाच्या वर रचून वरूनच पेटवतो. लाकडातील ओलावा २० टक्क्यांखाली ठेवतो, आणि झाकण उघडून पाहिल्यावर थर ३ मिलिमीटरचा झालेला दिसला, की पुढची शेगडी पेटवण्याआधी ब्रश फिरवतो.