खंडाळ्याहून खोपोलीला, पाइपांसोबत

पाइपांची जाडी मोजणं हे माझं काम. जेल लावून प्रोब टेकवायचा. आत गेलेली ध्वनिलहर परत यायला किती वेळ लागला त्यावरून पत्रा किती शिल्लक आहे ते कळतं. रिफायनऱ्या, बॉयलर, टाक्या करून करून त्यात नवल उरलं नव्हतं. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राचे घाटातले पाइप मोजायला गेलो, तो दिवस मात्र वेगळा होता.

सुरुवात वरून, खंडाळ्याच्या बाजूने. एवढा थोरला पाइप, पण पत्रा बेताचाच. बरंच खाली उतरून पुन्हा प्रोब लावला, तर आकडा वाढलेला. आणखी खाली, आणखी जाड. घेर मात्र आवळत चाललेला. वरचं टोक आणि पायथा यांच्या उंचीत सुमारे 525 मीटरचा फरक, म्हणजे तळाशी दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोहून जास्त दाब. हे गणित कॉलेजात सोडवलं होतं. इथे ते एकेका रीडिंगने हाताला लागत होतं. दुपारी वही चाळली तर पानापानावर पाण्याचं ओझं चढत गेलेलं दिसलं.

पायथ्याशी हे पाणी नोझलमधून सुटतं तेव्हा त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे असतो. पेल्टन चाक, म्हणजे कडेला वाट्या बसवलेलं टर्बाइन; त्या वाट्यांवर ते आदळतं, चाक फिरतं आणि वाट्यांतून पाणी खाली गळतं तेव्हा त्यात जोर उरलेला नसतो.

पण मला विचाराल तर या केंद्राची खरी करामत वरच्या तलावांत आहे. सह्याद्रीवर पाऊस धो धो पडतो, पण चारच महिने. मुंबईच्या गिरण्यांना वीज बारा महिने हवी. म्हणून आधी लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे पाणी अडवलं. डेव्हिड गॉस्लिंग यांनी सुचवलेली ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलली. 1904 साली ते गेले आणि काम मुलांनी तडीस नेलं. 1910 मध्ये कंपनी निघाली, 1911 मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी पायाभरणी केली आणि 1915 च्या फेब्रुवारीत वीज मुंबईला पोचली. सुमारे 70 किलोमीटर लांब, 1 लाख व्होल्टच्या तारांवरून! त्या काळात हे धाडसच होतं.

माझा हेल्पर मावळातला, माळकरी. जेवायला बसलो असताना त्याने विचारलं, "साहेब, हे पाणी आमच्या इंद्रायणीचंच ना?"

"हो," म्हटलं.

"म्हणजे देहू-आळंदीला जायचं ते इकडे उतरवलं."

त्याचं बरोबर होतं. ते तलाव इंद्रायणीच्या खोऱ्यातले. तिथलं पाणी एरवी भीमेला, तिथून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात गेलं असतं. बोगदे आणि पाइपांतून ते पश्चिमेला वळलं, पाताळगंगेला मिळालं आणि अरबी समुद्राकडे निघालं. उद्योगाच्या इतिहासात गिरण्या, धूर आणि दिवे येतात. अख्खं पाणी उलट्या दिशेला गेलं हे जेमतेम एका ओळीत उरकतात. पुढे मुळशीच्या धरणाविरुद्ध शेतकरी सेनापती बापटांसोबत उभे राहिले. तो लढा तरी लोकांच्या लक्षात आहे.

भीमेच्या खोऱ्यात पाणी परत सोडा, ही मागणी दुष्काळ पडला की हमखास वर येते. मला ती रास्त वाटते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्यातून इथे साधारण सव्वा युनिट वीज मिळते. टँकरची वाट बघणाऱ्या गावासाठी त्या हजार लिटरची किंमत याहून किती तरी जास्त आहे. पण संध्याकाळी केंद्राबाहेर येऊन पाताळगंगेकडे बघितलं तेव्हा दुसरी बाजूही दिसली. भर उन्हाळ्यात कोकणातल्या या नदीला जे पाणी असतं ते घाटावरूनच आलेलं. तिच्या काठच्या वस्त्या आणि रसायनीचे कारखाने शंभर वर्षांत त्यावरच वाढले. वरून पाणी थांबवायचं ठरलं, तर या लोकांना आधी विचारावं लागेल. वळवणला बांध घातला तेव्हा आळंदीकडच्यांना कुणी विचारलं होतं का, ते मात्र त्या दिवशी मला कुणी सांगू शकलं नाही.