कपाळावरची झालर

आमच्या माहेरी कपाळं मोठी. आजोबा त्याला भाग्याचं लक्षण म्हणायचे. भाग्याचं मला ठाऊक नाही, पण टिकली लावली की ती भल्यामोठ्या मैदानात एकट्याच उभ्या असलेल्या फिल्डरसारखी दिसते, एवढं खरं.

सोलापूरच्या घरात एक काळापांढरा फोटो आहे. स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला जिना. पुढे माझ्या दोघी आत्या. थोरलीचा मधोमध भांग, तेल लावून चापूनचोपून घातलेली वेणी आणि हे एवढं कपाळ. धाकटीच्या कपाळावर मात्र भुवयांपर्यंत उतरलेली नीट, एकसारखी झालर. साधना कट! १९६० साली ‘लव्ह इन सिमला’ आला. त्यात साधनाचं रुंद कपाळ झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिला ऑड्री हेपबर्नसारखी झुलपं ठेवायला लावली, आणि मग गावोगावच्या मुली कात्री घेऊन आरशापुढे उभ्या राहिल्या. आमच्या आत्याने तर शिवणाची कात्री घेतली होती. आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आजी “झिपऱ्या वर कर” म्हणत मागे लागायची. पण फोटोत ती जी काही दिसते! एकाच घरातलं एकच कपाळ, आणि एकीचं झाकलेलं.

तो फोटो डोक्यात ठेवून मी सेहेचाळिसाव्या वर्षी झुलपं कापायचं ठरवलं. आधी रीतसर अभ्यास केला. चेहरा गोल की लांबट, चौकोनी की बदामी, हे ओळखायला एक डोळा मिटून साबणाच्या वडीने आरशावर चेहऱ्याची कड गिरवली. आला तो आकार बटाट्याच्या जवळचा होता. गोल चेहऱ्याला हनुवटीशी संपणारा बॉब नको, गाल आणखी भरलेले दिसतात. लांबट चेहऱ्याला टाळूवर फुगा नको. बटाट्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं. पण रुंद कपाळाला झुलपं, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

डोंबिवलीतल्या एका चकचकीत पार्लरमध्ये गेले. मुलीने फसफस पाणी मारलं, पुढचे केस कंगव्याने ताणून खाली ओढले आणि बरोब्बर भुवईशी कापले. मी खूश. मग तिने ड्रायर चालू केला. ओला केस ताणला की लांबतो आणि सुकला की आखडतो, त्यातून माझे लहरी. बघता बघता झालर निम्म्या कपाळावर जाऊन बसली. वर ती मधोमध राहीना. माझ्या कपाळाच्या कडेला, डावीकडे, एक भोवरा आहे. डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात, हे लहानपणापासून ऐकलं होतं. कपाळावरच्या भोवऱ्याचं फळ कुणी सांगितलं नव्हतं. ते असं की झुलपं तिथून दुभंगतात. घरी आल्यावर लेक एवढंच म्हणाली, “आई, तिसरी घंटा झाली वाटतं. पडदा उघडलाय.”

पुढचे सहा महिने काळ्या पिनांवर काढले. केस महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतो, आणि मला हवे होते तीन इंच.

मग आमच्या गल्लीतल्या ताई. त्यांचं पार्लर म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर. मी मोबाईल काढून फोटो दाखवायला लागले, तर म्हणाल्या, “ते ठेवा आत. घरी जा, केस धुवा, काही लावू नका, आपोआप वाळू द्या आणि मग या.” दुसऱ्या दिवशी त्यांनी केसांत बोटं घालून सगळे मागे नेले आणि सोडून दिले. केस आपणहून पडले. “बघा, भोवरा उजवीकडे लोटतोय. तुम्ही किती वर्षं डावीकडे विंचरताय?” तीस तरी झाली असतील. आईने पाडलेला भांग होता तो, कोण बदलतंय!

“पावसाळ्यात काय होतं?”

“झाडू.”

त्यांना हेच ऐकायचं होतं. केस हवेतला ओलावा पितो, आणि ड्रायरने कितीही सरळ केलेली बट दमट हवेत परत आपल्या मूळ वळणावर जाते. सोलापूरच्या कोरड्या हवेत माझे केस गुमान बसायचे. लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून ते उभेच आहेत, आणि मी दोष देत होते शाम्पूला. पार्लरच्या एसीत सगळ्यांचेच केस शहाणे असतात. ताईंनी माझे कापले ते जुलै महिन्याच्या हिशेबाने. वरच्या थरात आखूड लेयर्स नाहीत, नाहीतर फुगा वर चढतो. खाली वजन राहू दिलं. भांग थेट भोवऱ्यातून, आणि तिथून एक लांब बट, कपाळावरून तिरकी उतरून गालाच्या हाडाशी थांबणारी. पाणी नाही, ताणणं नाही, कात्री उभी धरून थोडं थोडं. कपाळ निम्मं झाकलं गेलं, आणि मला वाटतं तेवढं पुरे. अगदीच लपवलं तर आजोबांचं भाग्य जायचं.

मे महिन्यात लग्नासाठी सोलापूरला गेले. धाकटी आत्या आता ऐंशीची आहे. तिने मला जवळ बोलावलं, थरथरत्या बोटाने माझी बट उचलून खालचं कपाळ बघितलं आणि बट परत जागच्या जागी ठेवली.

“बरी बसवलीस.”

“तुझ्याइतकी नाही, आत्या. फोटोत तुझा एक केस इकडचा तिकडे नाही.”

“हलेल कसा? साखरेच्या पाण्याने चिकटवायचे मी.”

“अगं, मग मुंग्या?”

“यायच्या की.”